मालकानंतर धंदा: छोट्या व्यवसायाची सूत्रं कधी, कोणाकडे आणि कशी सोपवावीत?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतो आहे.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना चालवतो. साठी उलटली आहे. तब्येत ठणठणीत, ऑर्डरी आहेत, कामाचा कंटाळा आलेला नाही. म्हणूनच हा प्रश्न आत्ता विचारतो आहे. माणूस अंथरुणाला खिळला की घरच्यांच्या हाती फक्त धावपळ उरते, विचार करायला उसंत मिळत नाही.

मुलं दोन. मुलगी थोरली. ती कारखान्यात येते, खरेदी आणि हिशेब सांभाळते. मुलगा नोकरीत रमला आहे. आपल्याला यात यायचं नाही असं त्याने स्वच्छ सांगितलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एक जुने सहकारी आहेत, शॉप फ्लोअर खरं तर तेच चालवतात. बाहेरच्या एका कंपनीने विकता का म्हणून विचारूनही झालं आहे. म्हणजे वाटा तीन-चार आहेत. पण प्रत्येक वाटेवर कोणी ना कोणी दुखावतं, आणि मग विषय पुढे ढकलला जातो.

आणखी एक. मुलीने परवा एका कोटेशनवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, हा आकडा आला कुठून?" मटेरियल, मशीनचे तास, टूलिंग, प्लेटिंग इथपर्यंत तिचा मेळ बसला. त्यावर मी जो टक्का चढवला होता तो का, हे सांगायला बसलो तर जेवणाची वेळ टळून गेली. हे गिऱ्हाईक ड्रॉइंग मंजूर केल्यावरही टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बदलतं. ते दुसरं पैसे उशिरा देतं, पण बुडवत नाही आणि मंदीत हटकून काम देतं. तिसऱ्याचा खरेदीवाला बदलला की महिनाभर माल परत येतो, मग सगळं सुरळीत होतं. यातलं एक अक्षर कुठल्या वहीत नाही. माझ्या मते धंद्याचा खरा ऐवज हाच आहे, आणि तो मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

ज्यांनी सूत्रं सोपवली, घेतली, किंवा हे जवळून पाहिलं त्यांनी जरूर लिहावं.

वाटसरू

चांगला विषय. वाचतोय.

मी असं वाचलं होतं की घरचे धंदे फक्त ३० टक्केच दुसऱ्या पिढीच्या अखेरपर्यंत टिकतात आणि तिसरीच्या अखेरपर्यंत १३ टक्के. आकडे असे असतील तर वेळेत विकून मोकळं होणंच शहाणपणाचं नाही का?

ताळेबंद

@वाटसरू, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो कुठला ते सहसा कोणी सांगत नाही. जॉन वॉर्ड यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या २०० उत्पादक कंपन्यांचा मागोवा घेतला आणि १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात 'टिकली' म्हणजे त्याच घराण्याच्या मालकीची राहिली. मालकाने चांगल्या किमतीला विकलेली, नव्या मालकाकडे जोमात चालणारी कंपनीसुद्धा 'न टिकलेल्या'त जमा झाली. शिवाय तेवढ्याच काळात घराण्याबाहेरच्या कंपन्या किती टिकतात, हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तो आकडा कमी की जास्त हेही कळत नाही. त्यामुळे त्याच्या धाकाने निर्णय घेऊ नका.

@सुतारपक्षी, मी छोट्या व्यवसायांचे हिशेब बघतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. मालकी कोणाची, कारभार कोणाचा, आणि घरात कोणाला काय. १९७८ मध्ये हार्वर्डमध्ये रेनातो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी यासाठी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं काढली होती: कुटुंब, मालकी, व्यवसाय. तुमच्याकडची माणसं त्यात बसवून बघा. मुलगा फक्त कुटुंबात. जुने सहकारी फक्त व्यवसायात. मुलगी कुटुंबात आणि व्यवसायात, मालकीत अजून नाही. तिन्हीत एकटे तुम्ही. छोट्या धंद्यात मालक असा तिन्हीत एकटाच असतो, म्हणून ही तीन वेगळी कामं आहेत हे त्याला स्वतःलाच जाणवत नाही.

कारभार आजपासून देता येतो. मालकी टप्प्याटप्प्याने जाऊ शकते. तुमचं पुढचं उत्पन्न तुम्ही वेगळं बांधून घेऊ शकता. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच माणसाला दिल्या पाहिजेत असं कुठेही नाही. मी पाहिलेली बहुतेक भांडणं या तिन्हींचं एकच गाठोडं केल्यामुळे झाली.

उत्पन्नाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मालक त्याबद्दल बोलायला संकोचतात. ज्याचा घरखर्च धंद्याच्या गल्ल्यातून चालतो तो निवृत्त होऊच शकत नाही. त्याला हेका धरणारा म्हणणं अन्याय आहे, त्याला दुसरी सोयच नाही. कारखान्याची जागा तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर ती धंद्याला रीतसर भाडेकराराने द्या. मग कारभार कोणीही करो, तुमचं भाडं दरमहा येत राहतं आणि नव्या माणसाच्या नफ्याकडे तुम्हाला डोळे लावून बसावं लागत नाही. धंद्यात तुम्ही घातलेलं कर्ज असेल तर त्याचे परतफेडीचे हप्तेही असेच बांधता येतात. आधी हा आकडा काढा: धंद्यातून एक पैसा न उचलता तुम्ही दोघं नवरा-बायको कसे राहाल? त्याचं उत्तर सापडलं की बाकीचे निर्णय बरेच हलके होतात.

कस्तुरी

लिहावं की नको असा विचार करत होते.

माझे यजमान अचानक गेले. धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र होतं, त्यामुळे सह्या मी करू शकते असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. बँकेत गेल्यावर कळलं की ते देणाऱ्या माणसाच्या मृत्यूबरोबर ते संपतं. ज्या दिवसासाठी ते केलं होतं त्याच दिवशी ते रद्दी झालं. खातं गोठलं. पगाराची तारीख तोंडावर आलेली. पुरवठादाराच्या पोर्टलवर शिरायला ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि फोनला त्यांच्या बोटाचा ठसा. फोन माझ्या हातात वाजायचा, पडद्यावर संदेशाचं अर्धं वाक्य दिसायचं, "आपली ऑर्डर..." आणि पुढचं उघडता यायचं नाही.

तेव्हा समजलं की एकट्याच्या मालकीचा धंदा आणि तो माणूस कायद्याच्या लेखी एकच. माणूस गेला की परवाने, खाती, करार, सगळं नव्याने. भागीदारीतही करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेल्यावर फर्म विसर्जित होते. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा आणि भारताचा १९३२ चा, दोन्हीत हेच आहे. कंपनी असेल तर ती मागे उरते, पण सही करणारा दुसरा संचालक नसेल तर तीही खोळंबते.

आम्ही तरलो ते एका पुरवठादाराने न मागता उधारीची मुदत वाढवली आणि आमच्या सुपरवायझरांनी माणसं थोपवून धरली म्हणून. दोघांनाही तसं करण्याची काही सक्ती नव्हती.

सुतारपक्षी, कोणाला काय द्यायचं ते सावकाश ठरवा. पण बँकेत दुसरी सही याच आठवड्यात जोडा. मृत्युपत्र करा आणि ते कुठे ठेवलंय ते दोघांना तरी सांगा. परवाने, विमा, कर्जं, कोणाकडून येणं, कोणाला देणं, तोंडी दिलेले शब्द, पासवर्ड कुठे आहेत, हे सगळं एका फाईलमध्ये आणा. मी आता दर तिमाहीचे हिशेब झाले की ती फाईलही ताजी करते.

ताळेबंद

कस्तुरीताई, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. 'तोंडी दिलेले शब्द' हे तर मी कुठल्याच यादीत पाहिलं नव्हतं. छोटा धंदा अर्धा त्यावरच चालतो.

एक जोडतो. नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला, असं होत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या शेअर्सबाबत हे स्पष्ट केलं आहे. नॉमिनी ऐवज ताब्यात घेतो, पण मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. बाकीच्यांनी आपापल्या देशातला नियम बघून घ्यावा.

दुसरीपिढी

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आईने उभा केलेला छपाईचा व्यवसाय आता मी चालवतो.

सुरुवातीला मला पद मिळालं, अधिकार मिळाला नाही. मी दर सांगायचो, गिऱ्हाईक आईला फोन लावायचं आणि आई म्हणायची, "बघते मी." तिच्या मनात मला मदत करणं एवढंच होतं. पण त्या दोन शब्दांनी माझा शब्द तिथल्या तिथे पडायचा. कामगारांचंही तेच. रजा मी नाकारली की आईच्या केबिनमध्ये जाऊन मंजूर व्हायची.

तोडगा तिनेच काढला. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की ती म्हणायची, "ते काम आता त्याच्याकडे आहे, त्याला देते फोन." उत्तर तोंडावर असायचं तरी द्यायची नाही. मी शेजारीच बसलेलो असायचो, तिला ते किती जड जातंय हे मला दिसायचं. खरेदीला तिने रकमेची मर्यादा घालून दिली. तेवढ्या रकमेपर्यंत विचारायचं नाही, आणि तोटा झाला तरी ती बोलणार नाही. ती खरंच बोलली नाही. दर वर्षी मर्यादा वाढत गेली. कर्ज काढणं आणि मोठं मशीन घेणं या दोन गोष्टी तिने सगळ्यात शेवटी सोडल्या आणि मला ते बरोबर वाटतं, कारण तिथली चूक निस्तरायला वर्षं लागतात.

मग ती महिनाभर प्रवासाला गेली. फोन घेणार नाही असं सगळ्यांना सांगून गेली. त्या महिन्यात जे जे अडलं ते मी लिहून ठेवलं. कागदाचा कुठला माल कोणत्या हवेत मशीनमध्ये अडकतो, कुठल्या गिऱ्हाइकाला प्रूफ छापूनच दाखवावं लागतं, विम्याचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो. ती परत आल्यावर आम्ही तेवढ्याच यादीवर काम केलं. हस्तांतराचा आराखडा म्हणून आम्ही वेगळं काहीच लिहिलं नाही.

सुतारपक्षी, कोटेशनबद्दल सुचवतो. मुलीला शेजारी बसवून समजावण्यापेक्षा आधी तिला दर काढू द्या. तुम्ही तुमचा वेगळा काढा. मग दोन्ही कागद समोर ठेवून फक्त फरकावर बोला. सांगताना तुमच्याकडून जे सुटेल ते फरकात सापडेल.

मधलीबहीण

एक विचारते, राग मानू नका. मुलगी आधीपासून कारखान्यात आहे, पैशाच्या दोन्ही नाड्या तिच्या हातात आहेत. तरी "कोणाला द्यायचं" हा प्रश्न पडतो कसा? तिच्या जागी मुलगा असता तर पडला असता का?

हे एका घरापुरतं नाही. मॉर्टेन बेनेडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या कंपन्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. निवृत्त होणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर पद घरातच जाण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आणि पद घरातल्याकडे गेलं की कंपनीचा मालमत्तेवरचा परतावा सरासरीने किमान ४ टक्केबिंदूंनी (म्हणजे १० टक्के असेल तर ६ वर, असा) घसरला. घरातली माणसं कुचकामी असतात असा याचा अर्थ मी लावत नाही. पण पाळण्यातच निवड झाली तर काम कोणाला येतं हे कोणी तपासतच नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आमच्या घरी मी दुकानात असायचे ती 'मदत' होती आणि भाऊ असायचा तो 'अनुभव' होता. मदतीला पगार नसतो. म्हणून विचारते, तुमच्या मुलीला बाजारभावाने पगार आहे ना? नसेल तर उद्या भाऊ म्हणेल तिला धंदा आयता मिळाला, आणि ती म्हणेल मी एवढी वर्षं फुकट राबले. दोघंही खरंच बोलत असतील.

सुतारपक्षी

राग कसला, प्रश्न रास्त आहे. पगार तिला बाहेरच्या व्यवस्थापकाला देईन तेवढाच देतो. तिच्या कुवतीबद्दलही शंका नाही. घोडं अडलंय ते मुलापाशी. माझी जवळपास सगळी कमाई कारखान्यात गुंतलेली आहे. तिला कारखाना दिला तर त्याच्या वाट्याला देण्यासारखं फार राहत नाही. दोघांना निम्मा निम्मा दिला तर राबणार ती आणि होकार लागणार दोघांचा. दोघांचं आज छान जमतं. ते माझ्यामुळे बिघडू नये, एवढीच इच्छा.

कस्तुरीताई, बँकेचा फॉर्म आणला आहे.

ताळेबंद

निम्मं-निम्मं हा दिसायला सगळ्यात न्याय्य आणि चालवायला सगळ्यात अवघड तोडगा. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला पुढे जाताच येत नाही. भावाबहिणीचं आज जमतं हे चांगलंच, पण उद्या त्यांचे जोडीदार आणि मुलंही या मालकीत येतात.

मार्ग बरेच आहेत, प्रत्येकाला कंगोरा आहे. कंपनी असेल तर मतदानाचा हक्क असलेले शेअर्स तिला आणि नफ्यात वाटा देणारे, पण बिनमताचे, त्याला देता येतात. पण लाभांश जाहीर करायचा की नाही हे मतं असणाराच ठरवतो. तिने सगळा नफा नव्या मशीनमध्ये घातला तर भावाच्या हाती कागदच राहतात. म्हणून किमान लाभांश, आणि त्याला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी काढायची, हे आधीच लिहून ठेवा. दुसरा मार्ग, कारखाना तिला आणि जागा त्याला. ऐकायला छान, फक्त भाडेकरार लांब मुदतीचा हवा, नाहीतर भाऊ मालक आणि बहीण भाडेकरू हे नातं कडवट व्हायला एक भाडेवाढ पुरते. तिसरा, ती तुमच्याकडून धंदा हप्त्यांनी विकत घेते. पैसा तुमच्याकडे येतो, तुमचं म्हातारपण निभावतं, आणि उरतं ते दोघांना सारखं. मला हा सगळ्यात स्वच्छ वाटतो. धंद्याला हप्ते झेपतील का एवढंच बघावं लागतं.

मार्ग कोणताही असो, धंद्याची आजची किंमत आज कागदावर आणा. पुढची वाढ तिच्या कष्टाची असेल. आजचा आकडा नोंदलेला नसेल तर वीस वर्षांनी भाऊ त्या वाढीतही वाटा मागेल, आणि तो चूक आहे हे दाखवायला कोणाकडे काही नसेल.

किंमत ठरवणं का टाळू नये, याचं अलीकडचं उदाहरण देतो. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये दोन भावांची बांधकाम साहित्याची कंपनी होती. करार असा, की एक गेला तर दुसऱ्याने त्याचे शेअर्स घ्यावेत, त्याने नाही घेतले तर कंपनीने घ्यावेत. पैशाची सोय म्हणून कंपनीने दोघांचा प्रत्येकी ३५ लाख डॉलरचा विमा उतरवला. दर वर्षी दोघांनी सही करून किंमत ठरवायची असंही करारात होतं. ते कधीच केलं गेलं नाही. २०१३ मध्ये एक भाऊ गेला. दुसरा भाऊ आणि पुतण्या यांनी गोडीगुलाबीने ३० लाख ठरवले, कंपनीने विम्यातून ते दिले. गेलेल्या भावाच्या मालमत्तेवरचा कर ठरवताना करखातं म्हणालं, विम्याचे पैसे कंपनीचे होते, तेही किमतीत धरा. जादा कर जवळपास ९ लाख डॉलर. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने करखात्याचं म्हणणं उचलून धरलं. कंपनीऐवजी भावांनी एकमेकांचा विमा उतरवला असता तर हे टळण्यासारखं होतं, त्याचे तोटेही आहेत, असं निकालात आलं आहे. घरात भांडण नव्हतं, करार होता, विमा होता. तरी एवढं झालं. करार केल्यावर तो दर वर्षी उघडून वाचायचा असतो.

हातोडी

मी मालक नाही, एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. आमच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही गुप्त ठेवता तेव्हा आम्हाला कळत नाही असं समजू नका. मालक दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले, बाहेरचे दोन जण सूटबूट घालून मशीनचे नंबर लिहून घेऊन गेले, की त्याच संध्याकाळी चर्चा सुरू होते. आणि आधी जातो तो चांगला कारागीर, कारण त्याला दुसरीकडे लगेच काम मिळतं. जे राहतात त्यांना जायला जागा नसते. म्हणजे गुप्ततेची किंमत मालकाच्या धंद्यालाच बसते.

आम्हाला सगळा हिशेब नको असतो. माझी नोकरी राहणार का, साठलेली देणी बुडणार नाहीत ना, आणि उद्या हुकूम कोणाचा, ही तीन उत्तरं मिळाली तरी माणसं थांबतात.

तुमच्या त्या जुन्या सहकाऱ्यांना शेवटी सांगू नका. त्यांना डावललं तर मुलीला शॉप फ्लोअरवर कोणी मनापासून साथ देणार नाही. उलट त्यांनीच चार माणसांत "आता ताईंना विचारा" म्हटलं, तर तुमच्या भाषणाची गरजच उरणार नाही. आणि मुलीने थोडे दिवस मशीनवर काम करावं असं मला वाटतं. तिला कारागीर व्हायचं नाही हे खरं. पण जॉब बिघडल्यावर ऑपरेटर खरं सांगतोय की वेळ मारून नेतोय, हे ऐकून कळलं पाहिजे.

दूरदेशी

हातोडी यांचा प्रतिसाद फार आवडला. त्याच धाग्याने पुढे: धंदा कामगारांनाच देणं हाही रस्ता आहे आणि तो फक्त भल्यामोठ्या कंपन्यांसाठी नाही.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या शेअर-ट्रस्टला (कर्मचाऱ्यांच्या वतीने कंपनीचे शेअर्स धरणाऱ्या ट्रस्टला) रीतसर चौकट दिली. बॉब्ज रेड मिल या धान्य दळणाऱ्या कंपनीच्या बॉब मूर यांनी २०१० मध्ये आपल्या ८१ व्या वाढदिवशी ही योजना जाहीर केली आणि २०२० पर्यंत कंपनी पूर्णपणे कर्मचाऱ्यांची झाली. ते २०२४ मध्ये गेले तेव्हा कंपनीत मालक कोण हा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कर्मचारी मालकी ट्रस्टला करसवलत आहे. रिचर साउंड्स या दुकानांच्या साखळीचे ज्युलियन रिचर यांनी २०१९ मध्ये ६० टक्के हिस्सा अशा ट्रस्टला दिला. त्यांना मोबदलाही मिळाला, फुकट दिला नाही, हे लक्षात घ्या. खरेदीचे पैसे सहसा पुढच्या नफ्यातूनच हप्त्याने फिटतात. म्हणून धंदा मालकाशिवाय नफा कमावतो का, हा प्रश्न इथेही टळत नाही.

जपानमध्ये तर हा राष्ट्रीय प्रश्न झाला आहे. २०२५ पर्यंत सत्तरी ओलांडलेले छोटे-मध्यम उद्योजक सुमारे २४.५ लाख होतील आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा, १२.७ लाखांचा, उत्तराधिकारी ठरलेला नसेल, असा तिथल्या सरकारचा अंदाज होता. २०१८ मध्ये त्यांनी हस्तांतरावरच्या करात मोठी सवलत आणली. तिथे लायक जावयाला दत्तक घेऊन धंदा सोपवण्याची जुनी रीत आहे. ओसाकाची मंदिरं बांधणारी कोंगो गुमी ही कंपनी इ.स. ५७८ पासून चालत आली. त्यात जावयांचा वाटा मोठा आहे. पण २००६ मध्ये कर्जापायी तीही दुसऱ्या कंपनीकडे गेली. वारस ठरलेला असला तरी ताळेबंद सांभाळावाच लागतो.

जर्मनीत विकणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देणारं सरकारच्या पाठबळाचं पोर्टलच आहे. घरात, कामगारांत कोणी नसेल तर अनोळखी माणूस शोधणं तिथे अगदी सर्रास चालतं.

वाटसरू

माझ्या प्रश्नाला एवढी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. विकायचंच झालं तर घेणारा नेमकं काय बघतो?

ताळेबंद

थोडक्यात सांगतो. मालक बाजूला झाल्यावर किती नफा उरेल, ते. त्यासाठी तो तीन-पाच वर्षांचे हिशेब बघतो. मालकाचा घरखर्च धंद्यात मिसळलेला असेल तर खरा नफा दिसत नाही आणि किंमत पडते. निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकाची असेल तर तो बिचकतो. भाडेकरार आणि परवाने नव्या नावावर होतात का, हे तपासतो. मोबदल्याचा काही भाग पुढच्या एक-दोन वर्षांच्या कामगिरीवर ठेवायचा असा करार बऱ्याचदा असतो. तो मान्य केलात तर हिशेब कोण ठेवणार ते आधी ठरवा.

एक गोष्ट भलेभले विसरतात. कंपनीच्या कर्जाला मालकाने दिलेली वैयक्तिक हमी. मालकी सोडली, खुर्ची सोडली, तरी बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय हमी सुटत नाही. धंदा दुसऱ्याच्या हातात आणि घर तुमचं तारण, अशी गत होते. मुलीला देतानाही हे लागू आहे.

आणि कोणीच नसेल तर वेळेत, सगळ्यांची देणी चुकवून धंदा बंद करणं हाही मानाचा मार्ग आहे. त्याला अपयश म्हणू नये.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. मुलगी, मुलगा आणि बायको यांना एकत्र बसवून बोललो. मुलाला हप्त्यांचा मार्ग पटला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ठरेल ते त्याला कोणाकडून उडत-उडत न कळता माझ्या तोंडून कळावं. जुन्या सहकाऱ्यांना त्याआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, ताईंना सकाळच्या पाळीला पाठवा, तेव्हा सेटिंग चालतं. किंमत काढायला बाहेरचा माणूस नेमतो आहे. बँकेच्या हमीचं पत्रही शोधून काढलं.

दुसरीपिढी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या आईसारखी महिनाभराची रजा मी घेणार आहे. ती कामाच्या गर्दीत घ्यावी की मंदीत?

दुसरीपिढी

गर्दीत. मंदीत काही अडतच नाही, मग काही कळतही नाही. पण एकदम महिना नको. आधी आठवडाभर जाऊन या. पगाराची तारीख त्यात येईल असं बघा, आणि मुलीचा फोन आला तरी पहिले दोन दिवस उचलू नका.